नवा धडा जुन्या ज्ञानाला कसा जोडायचा

आठवीच्या विज्ञानाच्या उत्तरपत्रिका तपासत होते. एका मुलीने प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या काना-मात्रेची चूक न करता लिहिली होती. हरितद्रव्य, सूर्यप्रकाश, कार्बन डायऑक्साइड, पाणी, ग्लुकोज, ऑक्सिजन, सगळं जागच्या जागी. पूर्ण गुण दिले आणि पान उलटलं. पुढचा प्रश्न मी सहज घातला होता: 'बी एवढंसं असतं आणि झाड एवढं मोठं होतं. त्याच्या खोडातलं लाकूड कशापासून तयार झालं?' तिने लिहिलं होतं, 'मातीपासून. मुळं माती ओढून घेतात.'

दोन्ही उत्तरं एकाच हाताची, एकाच शाईची. मधे अर्ध्या पानाचं अंतर. ती व्याख्या तिच्या डोक्यात होती, पण ओसरीवर बसलेल्या पाहुण्यासारखी. घरातल्या कोणाशी तिची ओळख करून दिलेली नव्हती. ते काम माझं होतं आणि मी ते केलं नव्हतं.

आम्हा शिक्षकांच्या टाचणात 'पूर्वज्ञान' नावाचा एक रकाना असतो. त्यात मी वर्षानुवर्षं एकच वाक्य लिहीत आले होते: 'विद्यार्थ्यांना वनस्पतीचे भाग माहीत आहेत.' धडा बदलला की फक्त नाम बदलायचं. 'विद्यार्थ्यांना अपूर्णांक माहीत आहेत.' 'विद्यार्थ्यांना बल माहीत आहे.' कोणाला विचारून लिहिलं? कोणालाच नाही. तो रकाना नीट भरायला मी कशी शिकले, ते इथे सांगते. तुम्ही वर्गात शिकवत असा, घरी स्वतःच्या मुलाला शिकवत असा किंवा स्वतःच काही नवं शिकत असा, रीत फारशी बदलत नाही.

आधी थोडा सिद्धान्त, कारण पुढची सगळी कृती त्यावर उभी आहे. डेव्हिड ऑसुबेल हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ. वैद्यकाचं शिक्षण घेतलेले, मनोविकारतज्ज्ञही. १९६८ साली आलेल्या त्यांच्या पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांनी लिहून ठेवलंय की, सगळं शैक्षणिक मानसशास्त्र एकाच तत्त्वात सांगायचं झालं, तर शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे हीच सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ते शोधून काढा आणि त्यानुसार शिकवा. त्यांच्या मते शिकणं दोन टोकांच्या मधे कुठेतरी घडतं. एका टोकाला घोकंपट्टी, म्हणजे नवी गोष्ट डोक्यात सुटी पडून राहते. दुसऱ्या टोकाला अर्थपूर्ण अध्ययन, म्हणजे नवी गोष्ट आधीच्या एखाद्या कल्पनेला धरून बसते, आणि तसं बसताना त्या जुन्या कल्पनेलाही थोडं बदलते. हा शेवटचा भाग लोक विसरतात.

मुलांना समजलं नाही की आपण म्हणतो, पालथ्या घड्यावर पाणी. मला ही म्हण आता खटकते. घडा पालथा क्वचितच असतो. तो आधीच भरलेला असतो, आणि त्यात काय आहे ते न बघता आपण वरून ओतत राहतो.

आधी विचारा, पण 'माहीत आहे का?' असं विचारू नका

'अपूर्णांक माहीत आहेत ना?' असं विचारलं की वर्ग एका सुरात 'हो' म्हणतो. या 'हो'मधून काहीच कळत नाही. प्रश्न असा हवा की मनातल्या वेगवेगळ्या समजुतींमधून वेगवेगळी उत्तरं बाहेर पडतील. माझ्या संग्रहातला सगळ्यांत जुना प्रश्न असा आहे:

८ + ४ = □ + ५

चौकटीत काय येईल? बरोबर उत्तर ७. पण पुष्कळ मुलं १२ लिहितात, आणि काही १७. ज्यांनी १२ लिहिलं त्यांना बेरीज येत नाही असं नाही. त्यांच्यासाठी '=' या चिन्हाचा अर्थ 'आता उत्तर लिहा' एवढाच आहे. १७ लिहिणाऱ्याने तर दिसेल त्या सगळ्यांची बेरीज केली. या मुलांना तुम्ही उद्या समीकरण शिकवणार. 'दोन्ही बाजूंना सारखंच करा' असं सांगणार. त्यांच्या मनात दोन बाजू नाहीतच. एका बाजूला काम आहे आणि दुसऱ्या बाजूला निकाल. तुमचं वाक्य टेकणार कुठे?

दुसरा नमुना दशांश अपूर्णांकांचा. इथे एक फसगत आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. ०.५ आणि ०.४५ यांत मोठा कोणता? जो ०.४५ म्हणतो, तो ४५ आणि ५ यांची तुलना करतोय. पूर्ण संख्यांचं पक्कं ज्ञान तो नव्या जागी जसंच्या तसं वापरतोय. आणि ज्याने ०.५ म्हटलं, त्याला समजलंय? थांबा. त्याला लगेच दुसरी जोडी द्या: ०.६ आणि ०.७८. काही मुलं इथे ०.६ मोठा म्हणतात. का, ते विचारलं तर सांगतात की दशांशापेक्षा शतांश लहान असतो, म्हणून शतांशात लिहिलेली संख्याही लहानच. म्हणजे पहिलं उत्तर बरोबर आलं ते चुकीच्या कारणाने. एका प्रश्नावर थांबला असतात तर या मुलाच्या नावापुढे 'येतं' अशी खूण झाली असती. म्हणून प्रश्न नेहमी जोडीने काढा. एका चुकीच्या समजुतीचं उत्तर ज्या प्रश्नात बरोबर येतं, तीच समजूत दुसऱ्या प्रश्नात उघडी पडली पाहिजे.

विचारण्याची माझी पद्धत साधी. धड्याच्या आदल्या दिवशी तासाची शेवटची पाच मिनिटं. पाठकोऱ्या कागदाच्या चिठ्ठ्या. नाव लिहायचं नाही, गुण नाहीत. दोन प्रश्न आणि प्रत्येकाखाली 'कारण' असा शब्द. घरी त्या चिठ्ठ्यांचे ढीग करते, उत्तरांप्रमाणे नाही, कारणांप्रमाणे. सहसा तीन-चारच ढीग होतात. वर्गात चाळीस डोकी असली तरी चाळीस समजुती नसतात, ही फार दिलासा देणारी गोष्ट आहे.

आणि त्या दिवशी काही दुरुस्त करू नका. हे मला सगळ्यांत अवघड गेलं. चूक दिसली की शिक्षकाची जीभ वळवळते. पण तुम्ही त्याच क्षणी 'नाही रे' म्हणालात, की पुढच्या वेळी मुलं चिठ्ठीवर स्वतःला काय वाटतं ते न लिहिता तुम्हाला काय हवं ते लिहितात.

नवं जुन्याच्या कुठल्या अंगाला लागणार, ते ठरवा

ढीग हाती आले की लगेच शिकवायला धावू नका. नव्या गोष्टीचं जुन्याशी नातं कोणतं, हे कागदावर एका ओळीत लिहा. नाती साधारण चार प्रकारची असतात, आणि प्रत्येकाची वागणूक वेगळी.

कधी नवी गोष्ट जुन्या कल्पनेच्या पोटात अलगद मावते. सस्तन प्राणी म्हणजे काय हे माहीत असणाऱ्याला हरीण सस्तन आहे हे सांगायला एक वाक्य पुरे. इथे वेळ घालवू नका. (अर्धा तास जातो तो बहुधा इथेच, कारण इथे शिकवायला सोपं आणि छान वाटतं.)

कधी नवी गोष्ट पोटात मावते, पण पोट ताणून. देवमासा घ्या. त्याच्या नावातच मासा आहे. तो सस्तन म्हणून स्वीकारायचा तर 'सस्तन म्हणजे चार पायांचा, केसाळ, जमिनीवरचा' ही मुलाची मूळ कल्पनाच बदलावी लागते. गुणाकाराचंही तसंच. 'गुणलं की वाढतं' हे पूर्ण संख्यांनी त्याला वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं, आणि एक दिवस ८ × ०.५ = ४ असं समोर येतं. इथे नुसता नियम सांगून भागत नाही. 'गुणाकार म्हणजे पुन्हा पुन्हा बेरीज' ही जुनी कल्पना 'इतक्या पटीने घेणं' अशी रुंद करावी लागते. आठच्या तिप्पट घेतलं तर वाढेल, अर्ध्या पटीने घेतलं तर कमी होईल. ऑसुबेल यांच्या भाषेत ही दोन्ही उदाहरणं नव्याला जुन्याच्या छत्राखाली घेण्याचीच आहेत, पण पहिल्यात छत्री तशीच राहते आणि दुसऱ्यात ती मोठी करावी लागते.

तिसरं नातं उलटं. मुलाला तरफ माहीत आहे, कप्पी माहीत आहे, उतरण माहीत आहे, पण सुटी सुटी. आता या सगळ्यांवर एक कल्पना बसवायची आहे: बल कमी लावायचं असेल तर अंतर जास्त कापावं लागतं. इथे मोठी कल्पना आधी सांगू नका. तिन्ही शेजारी शेजारी मांडा, तिन्हींत बल आणि अंतर मोजायला लावा आणि सारखेपणा त्यांना दिसू द्या. नाव नंतर.

चौथं नातं शेजाऱ्याचं. नवं जुन्याच्या वरही नाही, खालीही नाही, फक्त घडण सारखी. वीज आणि पाणी. त्याबद्दल पुढे बोलते, कारण तिथे माझी चांगलीच फजिती झाली आहे.

खुंटी आधी ठोका

जॉन ब्रॅन्सफर्ड आणि मार्सिया जॉन्सन यांनी १९७२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एक उतारा ऐकवला. शब्द सगळे सोपे: आधी वस्तूंचे गट करा, एकदम फार घेऊ नका, झालं की पुन्हा गट करून जागच्या जागी ठेवा, वगैरे. पण ऐकणाऱ्याला काही उमगत नाही. उतारा कपडे धुण्याबद्दल आहे, एवढं आधी सांगितलं तर तोच उतारा लखलखीत कळतो आणि नंतर जास्त आठवतोही. गंमत पुढे आहे. विषय उतारा संपल्यावर सांगितला तर जवळपास काही फायदा झाला नाही. कपडे धुण्याचं ज्ञान प्रत्येकाकडे होतं. ते ऐन वेळी जागं नव्हतं, इतकंच. आपण धडा संपवून 'तर मुलांनो, हे सगळं त्या अमुक गोष्टीसारखंच आहे' म्हणतो, तेव्हा नेमकी हीच चूक करतो.

म्हणून ऑसुबेल यांनी अग्रत संघटक सुचवला, म्हणजे धड्याआधी द्यायचं, नव्याला टांगायला जागा करणारं छोटं टिपण. शिक्षणशास्त्राची पदवी घेतलेल्या प्रत्येकाने हा शब्द पाठ केलेला असतो आणि फार थोड्यांनी तो वापरलेला असतो. १९६० च्या त्यांच्या अभ्यासात विद्यार्थ्यांना पोलादाच्या गुणधर्मांवरचा सुमारे २५०० शब्दांचा अनोळखी मजकूर शिकायचा होता. त्याआधी एका गटाला सुमारे ५०० शब्दांचं एक टिपण दिलं: धातू आणि मिश्रधातू यांतलं साम्य, फरक, फायदे, मर्यादा. दुसऱ्या गटाला तेवढंच वाचन दिलं, पण लोखंड-पोलाद बनवण्याच्या पद्धतींच्या इतिहासाचं. चाचणीत पहिला गट पुढे होता. इतिहास जास्त रंजक असेलही, पण त्यावर पोलादाचे गुणधर्म टांगायला जागा नव्हती.

यातून संघटक काय नाही, हे कळतं. तो धड्याचा सारांश नाही. लक्ष वेधून घेणारी गोष्ट किंवा कोडं नाही. 'काल आपण काय शिकलो?' ही उजळणी नाही. तो धड्यापेक्षा जास्त व्यापक असतो आणि मुलांना आधीच येत असलेल्या भाषेत असतो. विषय अगदीच अनोळखी असेल तर तो नवी चौकट उभी करतो. ओळखीचा असेल तर जुन्या-नव्याची तुलना करतो. ऋण संख्यांआधी मी जो वाचून दाखवते, तो असा:

'आतापर्यंत आपण संख्या मोजायला वापरली. आज तिला दुसरं काम देऊ. एका रेषेवर एक जागा ठरवू आणि तिला शून्य म्हणू. मग प्रत्येक संख्या दोन गोष्टी सांगेल: त्या जागेपासून किती दूर आणि कोणत्या बाजूला. मोजताना शून्य म्हणजे काहीच नाही. इथे शून्य ही एक जागा आहे. मोजताना बेरीज म्हणजे भर घालणं; इथे बेरीज म्हणजे सरकणं. जुनं मोजणं खोटं ठरत नाही. ते या रेषेची एक बाजू आहे.'

आठ-नऊ वाक्यं. लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. कसं लिहायचं? आधी चिठ्ठ्यांच्या ढिगातली सर्वांत मोठी अडचण घ्या. माझ्या वर्गात ती होती 'शून्यापेक्षा कमी म्हणजे काहीच नसण्यापेक्षाही कमी, ते कसं असेल?' मग ती अडचण ज्या जुन्या अर्थातून येते तो अर्थ नाव घेऊन सांगा, नवा अर्थ त्याच्या शेजारी ठेवा आणि दोघांचं नातं शेवटी सांगा. एकही नवी संज्ञा घालू नका. 'ऋण' हा शब्दही वरच्या मजकुरात नाही, पाहा.

उपमा द्या आणि ती कुठे तुटते तेही सांगा

विद्युतधारा शिकवताना मी पाण्याचं चित्र वापरत असे. टाकी म्हणजे बॅटरी, नळ्या म्हणजे तारा, प्रवाह म्हणजे धारा. वर्ग खूश, मी खूश. मग एका मुलाने विचारलं, 'बाई, तार मधेच कापली तर वीज खाली सांडेल का?' सगळे हसले. मी हसले नाही, कारण मी दिलेल्या चित्रातून निघणारा तो अगदी तर्कशुद्ध निष्कर्ष होता. नळी कापली तर पाणी सांडतंच.

डेड्रे आणि डोनाल्ड जेंटनर यांनी १९८३ मध्ये याच विषयावर संशोधन प्रसिद्ध केलं. विजेबद्दल काहींच्या मनात वाहत्या पाण्याचं चित्र असतं, काहींच्या मनात सरकत्या गर्दीचं. पाणीवाल्यांना बॅटऱ्यांच्या जोडणीचे प्रश्न सोपे गेले, गर्दीवाल्यांना रोधांच्या, म्हणजे धारेला अडवणाऱ्या घटकांच्या, जोडणीचे. कारण विचार केला तर लगेच दिसतं. एका टाकीवर दुसरी टाकी चढवली की उंची वाढते आणि दाब वाढतो. शेजारी ठेवली तर उंची तीच राहते, पाणी फक्त जास्त वेळ पुरतं. एकसर आणि समांतर बॅटऱ्यांचं नेमकं हेच होतं. पण दोन रोध समांतर जोडले की एकूण धारा वाढते, हे पाण्याच्या चित्रात पटकन दिसत नाही, कारण प्रत्येक रोध म्हणजे अडथळाच वाटतो आणि दोन अडथळे म्हणजे जास्त अडवणूक. गर्दीच्या चित्रात रोध म्हणजे अरुंद दार. दोन दारं शेजारी शेजारी असली तर माणसं जास्त बाहेर पडणार, हे सांगावंही लागत नाही.

म्हणून मी आता दोन्ही चित्रं देते. बॅटऱ्यांच्या दिवशी पाणी, रोधांच्या दिवशी गर्दी. आणि प्रत्येक चित्राखाली फळ्यावर दोन रकाने: 'कुठे जुळतं' आणि 'कुठे तुटतं'. दुसरा रकाना मुलांनी भरायचा. 'सांडेल का?' हा प्रश्न आता मीच पहिल्यांदा विचारते.

एक सावधगिरी. उपमेतली जुनी बाजू मुलाच्या ओळखीची हवी, तुमच्या नाही. अणूची रचना सूर्यमालेसारखी, असं सांगणाऱ्याने आधी तपासावं की समोरच्याला सूर्यमाला तरी नीट कळली आहे का. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

जुनं आडवं आलं तर

इथपर्यंत जुनं ज्ञान मित्रासारखं होतं. पण ते वाटेत आडवंही पडतं. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ साली दाखवलं की, परक्या संस्कृतीतली लोककथा वाचायला देऊन ती पुन्हा सांगायला लावली, तर माणसं ती आपल्या ओळखीच्या साच्यात ओततात. त्यांच्या इंग्रज वाचकांनी कथेतली सीलची शिकार हळूहळू मासेमारी करून टाकली. खोटं बोलायचा हेतू कोणाचाच नव्हता.

मुलं तेच करतात. स्टेला व्होस्नियाडू आणि विल्यम ब्रूअर यांनी १९९२ मध्ये लहान मुलांच्या मनातली पृथ्वी कशी असते ते प्रसिद्ध केलं. जमीन सपाट आहे, हे मुलांना रोज डोळ्यांनी दिसतं. पृथ्वी गोल आहे, असं मोठी माणसं सांगतात. मग काही मुलांनी पृथ्वी थाळीसारखी गोल केली. काहींनी पोकळ चेंडू केला आणि माणसं आतल्या सपाट भागावर उभी केली. काहींनी तर दोन पृथ्व्या ठेवल्या: एक आपण राहतो ती आणि एक आकाशातली. 'पृथ्वीचा आकार कसा?' असं विचारलं तर ही सगळी मुलं 'गोल' म्हणतील आणि पूर्ण गुण घेतील.

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी यासाठी दोन वाटा सांगितल्या होत्या: नव्याला जुन्या साच्यात बसवणं आणि नव्यासाठी साचाच बदलणं. दुसरी वाट कष्टाची. माणूस नाइलाज झाल्याशिवाय तिच्याकडे वळत नाही. तेव्हा तो नाइलाज तयार करणं हे आपलं काम.

माझ्या त्या मातीच्या उत्तराकडे परत येते. दुसऱ्या वर्षी मी व्याख्या शेवटी ठेवली. सुरुवात केली ती सतराव्या शतकातल्या यान बाप्टिस्टा फान हेल्मॉन्ट यांच्या प्रयोगाने. त्यांनी २०० पौंड कोरडी माती कुंडीत घातली, ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. एवढं सांगून थांबले. 'झाड भरलं १६९ पौंड. आता माती पुन्हा वाळवून तोलली. किती भरली असेल? लिहा.' वह्यांत आकडे आले: शंभर, ऐंशी, एकाने चाळीस. मग फळ्यावर लिहिलं, माती कमी झाली सुमारे २ औंस. एका पौंडात १६ औंस. वर्ग गप्प.

आधी आकडा लिहून घेणं अत्यंत गरजेचं आहे. स्वतःच्या हाताने लिहिलेला आकडा समोर असला की 'मला तसंच वाटलं होतं' म्हणता येत नाही.

'मग १६४ पौंड आले कुठून?' पाण्यातून, असं कोणीतरी म्हणतंच. फान हेल्मॉन्ट यांचाही निष्कर्ष तोच होता. तेव्हा पुढचा प्रश्न: लाकूड अर्धवट जळलं की काळं काय उरतं? कोळसा. कोळसा म्हणजे मुख्यतः काय? कार्बन. पाण्यात कार्बन असतो का? हायड्रोजन आणि ऑक्सिजन, बस्स. मग हा कार्बन आला कुठून? इथे मी काहीच बोलत नाही. त्या दिवशी मागच्या बाकावरून आवाज आला, 'हवेतून? पण हवेला तर वजनच नसतं.' हा दुसरा अडसर मला माहीतच नव्हता! तास तिथेच थांबवून फुगा आणि तराजू आणावा लागला. टाचण कोलमडलं, पण त्या दिवसासारखा तास मी क्वचितच घेतला आहे.

फान हेल्मॉन्ट यांच्याबद्दल एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा आठवते. 'गॅस' हा शब्द त्यांनीच घडवला. कोळसा जळताना निघणारा वायू, ज्याला आपण आज कार्बन डायऑक्साइड म्हणतो, तो त्यांनी ओळखला होता. म्हणजे उत्तराचे दोन्ही तुकडे एकाच माणसाच्या डोक्यात होते आणि तरी ते एकमेकांना भेटले नाहीत. त्यांचा विलोचा प्रयोग त्यांच्या मृत्यूनंतर, १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या त्या मुलीवर मी मनातल्या मनात चिडले होते, ते हे कळल्यावर निवळलं.

आणि जुन्याला पूर्ण खोटं पाडू नका. मातीतून खनिजं येतात, थोडी पण नसतील तर झाड जगत नाही. 'खत म्हणजे झाडाचं जेवण' असं आपणच म्हणत असतो, मग मुलाला दोष कसला द्यायचा? त्याच्या समजुतीतला बरोबर तुकडा वेगळा काढून दाखवा आणि तो नव्या चित्रात कुठे बसतो ते सांगा.

जोडलं गेलं का, ते पाहायचं कसं

व्याख्या विचारून कळत नाही, हे एव्हाना स्पष्ट झालं असेल. मी संकल्पना नकाशा वापरते. ऑसुबेल यांच्याच विचारावर जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्नेल विद्यापीठात सत्तरच्या दशकात हा विकसित केला. आठ-दहा शब्द चिठ्ठ्यांवर द्या. मुलाने ते कागदावर मांडून रेघांनी जोडायचे, आणि प्रत्येक रेघेवर क्रियापद लिहायचं. सगळं मर्म त्या क्रियापदात आहे. 'पान' आणि 'कार्बन डायऑक्साइड' यांच्यामधली नुसती रेघ काहीच सांगत नाही. तिच्यावर 'घेतं' लिहिलंय की 'सोडतं', की घाबरून 'संबंधित आहे' असं लिहिलंय, ते बघा. 'संबंधित आहे' दिसलं की तिथे जोड नाही असं समजा. नकाशाला रंग, ढग, फुलं काढायला लावू नका. तो मग भिंतीवर लावायचा तक्ता होतो.

महिन्याभराने पुन्हा तपासा, पण वेगळ्या प्रश्नाने. ऑसुबेल यांचं विसरण्याबद्दलचं म्हणणं मला फार पटतं: नवी गोष्ट जुनीला चिकटली की हळूहळू तिच्यातच विरघळते. कधी ते बरं असतं, तपशील गेला तरी मथितार्थ राहतो. पण वस्तुमान वजनात विरघळलं, वेग चालीत विरघळला, तर पंचाईत. म्हणून माझा महिन्यानंतरचा प्रश्न साम्याचा नसतो. 'ही गोष्ट त्या गोष्टीपेक्षा वेगळी कशात?' असा असतो. जोडताना साम्य उपयोगी पडतं, टिकवताना फरक.

दोन शंका मला नेहमी विचारल्या जातात. एक, पाठांतर करूच नये का? करावं की. मूलद्रव्यांच्या संज्ञा, पाढे, नवी लिपी यांना सुरुवातीला टांगायला खुंटीच नसते. ते पाठच करावं लागतं. दुसरी, मग सगळं मुलांना स्वतः शोधू द्यायचं का? ऑसुबेल यांचं उत्तर स्पष्ट 'नाही' असं होतं. ऐकून शिकणं म्हणजे घोकणं नव्हे आणि हाताने करणं म्हणजे समजणं नव्हे. एका शाळेत मी असा उपक्रम पाहिला आहे की मुलं तासभर कात्री-गोंद घेऊन रमली होती आणि शेवटी कोणालाच सांगता आलं नाही की आपण काय जोडलं. उलट नीट बांधलेलं अर्ध्या तासाचं व्याख्यान डोक्यात घट्ट बसू शकतं. मात्र एक अट त्यांनीही घातली होती: शिकणाऱ्याला जोडायची इच्छा हवी. परीक्षेत शब्दशः व्याख्येलाच गुण मिळत असतील, तर हुशार मूल जोडण्याचे कष्ट घेणार नाही. म्हणून माझ्या प्रश्नपत्रिकेत व्याख्येला एक गुण आणि 'लाकूड कुठून आलं?' याला तीन.

स्वतः शिकत असाल तर चिठ्ठी स्वतःलाच लिहा. नवं प्रकरण उघडण्याआधी वही बंद ठेवून पाच ओळी: मला याबद्दल काय वाटतं आणि का वाटतं. खोडू नका. प्रकरण संपल्यावर त्याच ओळींच्या शेजारी लाल शाईने लिहा. काहीच लाल झालं नाही, तर एक तर ते सगळं तुम्हाला आधीच येत होतं किंवा तुम्ही नुसतं वाचलंत.

या वर्षीच्या टाचणात प्रकाशसंश्लेषणापुढचा पूर्वज्ञानाचा रकाना असा भरला आहे: 'बहुतेकांना लाकूड मातीतून येतं असं वाटतं. सात जणांना पाण्यातून. हवेला वजन असतं हे चौघांनाच मान्य. आधी फुगा आणि तराजू, मग विलो, व्याख्या शुक्रवारी.' रकाना अरुंद आहे. शेवटचे दोन शब्द समासात गेले.